तीन बोटं काढा

आधीच सांगते — पितर पान घ्यायला येतात वगैरेवर माझा काडीचा विश्वास नाही. सिंगापूरमध्ये, आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत मी टेस्टिंग इंजिनियर आहे. पुरावा दाखवा, मग बोला, हा माझा खाक्या.

मागच्या वर्षी बाबा पुण्याहून आमच्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटवर तीन महिन्यांसाठी आले होते. आई गेल्यापासून एकटेच असायचे. दर शनिवारी दुपारी आम्ही बापलेक स्टेशनजवळच्या चायनीज सुपरमार्केटमधून एक अनोळखी बाटली आणायचो. लेबल वाचता येत नाही, तीच तर मजा. शेवंतीचा चहा, खारट आलुबुखार, कसल्याशा मुळांचा काढा... बाबा स्टीलच्या भांड्यात बरोबर तीन बोटं ओतून घ्यायचे, प्यायचे, दहापैकी मार्क द्यायचे आणि उरलेली बाटली माझ्याकडे सरकवायचे. त्या कडू काढ्याला त्यांनी नऊ दिले होते.

मग एकदा माझे बॉस जेवायला आले. बाबांनी हौसेने, एकट्याने जाऊन बाटली आणली आणि ग्लास भरून त्यांच्या हातात दिला. निघालं काळं व्हिनेगर. बॉस ठसकले, मग हसले. मी मात्र सगळ्यांसमोर म्हणाले, "बाबा, कळत नाही तर नसत्या उठाठेवी कशाला करता?"

 बाबा चौथ्या दिवशी परत गेले, महिना बाकी असताना. पुढे दर शनिवारी त्यांचा फोन यायचा आणि मी 'मीटिंग आहे' म्हणायचे. शनिवारी कसली डोंबलाची मीटिंग... त्यांनाही कळत असणार. फेब्रुवारीत हार्ट अटॅकने गेले. माफी मागायची राहूनच गेली.

यंदा सर्वपित्रीला स्वयंपाक करायला मन धजेना. कोणत्या तोंडाने पान वाढायचं? सकाळी ऑफिसला निघताना त्यांच्या तसबिरीसमोर त्याच काढ्याची सीलबंद बाटली ठेवली आणि मोबाइलवर फोटो काढून पुण्याला भावाला पाठवला. हे काय नवीन, असं त्याने विचारलं. मी फोन पर्समध्ये टाकला आणि निघाले.

संध्याकाळी मी आणि माझा नवरा निखिल बरोबरच घरात शिरलो. बाटलीतला काढा तीन बोटं खाली गेला होता. सील शाबूत, टेबल कोरडं. निखिल म्हणाला, आधीच कमी भरलेली असेल. मी सकाळचा फोटो दाखवला — काढा पार गळ्यापर्यंत. बाटली सिंकवर उलटी धरून दाबून पाहिली. थेंब गळला नाही. 

शेवटी मी सील तोडलं आणि उरलेला काढा उभ्याउभ्या संपवला. कडूजहर होता.

याचं कारण मला आजही सापडलेलं नाही. बाबा खरंच आले असतील, तर माझा वाटा ठेवून गेले, एवढंच म्हणेन. मार्क मात्र न सांगताच गेले.