कूलरच्या स्विचवरचा लाल टॅग

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी पावणेचारला आई दुर्गहून परतली, तेव्हा बाबा पुढच्या खोलीत फरशीवर पडलेले होते. ते अडुसष्ट वर्षांचे होते. अंग तापलेलं होतं आणि घाम नव्हता. छताचा पंखा सुरू होता. खिडकीतला कूलर बंद होता, त्याची टाकी पाण्यानं भरलेली होती. कूलरच्या स्विचवर एक लाल टॅग लटकत होता. त्यावरची सही माझी होती.

मी दुर्गच्या एका हिंदी दैनिकात काम करते. त्या वर्षी मार्चमध्ये घरातल्या विजेच्या नासाडीवर मी एक पान केलं होतं. आमच्याकडची वीज बहुतेक कोळशाची, तेव्हा रिकाम्या खोलीत चालणारा कूलरही कुठेतरी कोळसा जाळत असतो, असा त्याचा सूर होता. पान छापून आल्यावर मी आमच्या घराकडे पाहिलं. टीव्ही फक्त रिमोटनं बंद व्हायचा. गीझर सकाळी सहाला लागायचा, तो कुणाच्या तरी लक्षात येईपर्यंत. दुपारी जेवून आईबाबा आतल्या खोलीत आडवे व्हायचे. ती खोली उत्तरेची, तिला पंखा पुरायचा. पुढच्या खोलीतला कूलर मात्र चार वाजेपर्यंत एकटाच चालायचा. बाबांची नोकरी होती तोवर आम्ही सेक्टर सहामध्ये कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. तिथे वीज जवळपास फुकट होती, त्यामुळे दिवा बंद करायची सवय आमच्या घरात कुणालाच लागली नाही. स्वतःच्या घरात आलो तरी ती लागली नव्हती.

मी बाबांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तोंडी गोष्ट ध्यानात रायत नाही. लिहून टांग. कारखान्यात आमी असंच करत होतो."

बाबा तेहतीस वर्षं पोलाद कारखान्याच्या मिलमध्ये फिटर होते. तिथे यंत्र दुरुस्तीला घेतलं की त्याच्या स्विचवर लाल टॅग टांगतात आणि काम करणारा त्यावर सही करतो. टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा. साहेब आला तरी हात लावत नाही. हा नियम मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाबांनी लग्नाच्या एका जुन्या पत्रिकेचा लाल पुठ्ठा कापला, भोक पाडलं, सुतळी ओवली. मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला: कूलर. दुपारी १ ते ४ बंद. विनापरवानगी सुरू करू नये. खाली त्यांनी मला सही करायला लावली.

आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "घराचा प्लांट करून टाका आता," ती म्हणाली. "मले बी गेटपास द्या, सैपाकघरात जायाचा."

"तुले कायले पायजे गेटपास? तू तर परमनंट," बाबा म्हणाले.

टॅगवर आणखी एक ओळ हवी होती: खोलीत माणूस असेल तर सुरू करावा. ती मला सुचली नाही. बाबांना सुचली असेल, तर त्यांनी सांगितली नाही.

एप्रिलभर टॅगनं काम केलं. दर रविवारी मी मीटर वाचायचे. वापर आठवड्यागणिक उतरत होता. बाबा आल्यागेल्याला टॅग दाखवायचे. "माया पोरीचा शटडाऊन हाय," असं सांगायचे.

त्या मंगळवारी आई दुर्गला मावशीकडे गेली होती. घरी गॅसचा सिलिंडर येणार होता. आतल्या खोलीत दाराची घंटा ऐकू येत नाही, म्हणून जेवण झाल्यावर बाबा पुढच्या खोलीत बसले. ती खोली पश्चिमेची आहे. सिलिंडर अडीचच्या सुमारास आला. आणणाऱ्या माणसाला मी नंतर गाठलं. तो म्हणाला, "अंकल ने पानी पिलाया. मैंने बोला, कूलर तो चला लो. बोले, बेटी का टॅग है, चार बजे चलेगा."

सिलिंडर आल्यावर बाबा आत का गेले नाहीत, ते कळलेलं नाही. साधारण त्याच वेळी मी कार्यालयात उष्म्याच्या इशाऱ्याची बातमी लावत होते. वृद्धांनी दुपारी गार जागी बसावं, हे वाक्य मी शीर्षकाखाली घेतलं होतं.

शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना रुग्णालयात नेलं. मी पोचले तेव्हा डॉक्टर आईला विचारत होते, "घर में कूलर नहीं है?"

"है जी," आई म्हणाली.

"खराब है?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "ठीक है," मी म्हणाले. "बंद रखा था."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आई म्हणाली, "मीच सांगत फिरत होती साऱ्यायले, का यायले गरमी लागत नाही. तापल्या लोखंडाजवळ उभं रायलेलं मानूस हाय मनून." थोड्या वेळानं म्हणाली, "तो पुठ्ठा मले बी काढता आला असता. मी बी नाही काढला."

दोन दिवस बाबांनी आम्हाला ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशी ओळखलं आणि सिलिंडर घेतला का, असं विचारलं. किडनीवर ताण आला होता. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायला सांगितलं. रविवारी मी कपडे न्यायला घरी गेले आणि सवयीनं मीटर वाचलं. त्या उन्हाळ्यातला तो सगळ्यात कमी वापर होता. घरात पाच दिवस कुणी नव्हतं. टॅग जागेवरच होता. मी तो काढून पर्समध्ये टाकला.

नवव्या दिवशी बाबा घरी आले. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि स्विचकडे पाहू लागले.

"टॅग कुठं गेला?"

"काढला."

"कोनं?"

"मीच, बाबा."

"दाखव."

मी पर्समधून काढून दिला. त्यांनी तो उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"यावर लिहून दे," ते म्हणाले. "काम झालं, टॅग परत, चालू कराले हरकत नाही. सही कर. टाइम टाक."

"पुरे करा न जी आता," आई म्हणाली. "चालू करा अन् बसा चुपचाप."

"बिना सहीचं नाही."

मी लिहिलं. सही केली. घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती, ती वेळ टाकली. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि टॅग शर्टाच्या खिशात ठेवला. खुर्चीच्या हाताला धरून ते उठले आणि स्विच त्यांनी स्वतः दाबला.