वहिनींची ‘स्लोली’

सुनीलचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. “आत्या, आई गेली,” एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, “कशी?” त्यावर म्हणाला, “शांतपणे. झोपेतच.” फोन ठेवला आणि पुन्हा तांदूळ निवडत बसले. रडू काही आलं नाही. मनात एकच येत होतं... ‘कशी?’ हा प्रश्न तर वहिनींचा.

शालनवहिनी नगरच्या, मॅट्रिक पास. तिसगावात आमच्या घरी सून म्हणून आल्या आणि पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. मी त्याच वर्षी मॅट्रिकला इंग्रजीत नापास होऊन घरी बसले होते. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आम्ही दोघी, शेजारची ठकुबाई आणि आळीतल्या बऱ्याच बायका जायचो. डोक्यावर पदर, हातात हातोडी, अंगभर धूळ. एक दिवस वहिनींनी विचारलं, “क्रियाविशेषण म्हणजे काय गं?” मी व्याख्या धडाधडा म्हणून दाखवली. “पाठ नको म्हणूस. मी काय करतेय?” “खडी फोडताय.” “कशी?” “हळूहळू.” “मग झालं! तेच स्लोली.” त्या दिवसापासून त्यांनी माझा पिच्छाच पुरवला. मुकादम कसा ओरडला? लाउडली. ठकुबाई कशी हसली? हॅपिली. एकदा मी ‘गुडली’ म्हणाले, तर म्हणतात, “गुडचं वेल होतं बाई. का ते विचारायचं नाही, सासरच्या रितीसारखं आहे ते!”

ठकुबाईला अक्षर येत नव्हतं, पण कान तिखट. मुकादम लांबून दिसला की ती हळूच म्हणायची, “क्विकली गं बायांनो!” की सगळ्या रांगेच्या हातोड्या दणादण सुरू. त्याची पाठ वळली की, “स्लोली!” त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. उपाशीपोटी आम्ही किती हसलो असू त्या उन्हात...

दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मन मात्र ठरलं होतं. एका संध्याकाळी ते आईला म्हणाले, “पाऊस पडला की मंगलीचं उरकून टाकू. इंग्रजी काय तिच्या नशिबात न्हाई.” मला मास्तरीण व्हायचं होतं, आणि हे फक्त वहिनींना ठाऊक होतं. आमच्याकडे सून सासऱ्यांपुढं बोलत नसे. काही सांगायचंच असलं तर दाराआडून, सासूमार्फत. वहिनी चुलीपुढून उठल्या. पदर सारखा केला आणि पिठाच्या हातांनी थेट ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. “मामंजी, मंगलला ऑक्टोबरला एकदा बसू द्या. नाही पास झाली तर मी पुन्हा शब्द काढणार नाही.” भाऊ खाली मान घालून बसला. दादा वहिनींकडं न बघता आईला म्हणाले, “हिला सांग, एकडाव बसंल ती. पुन्हा न्हाई.”

नंतर मी विचारलं, “वहिनी, भीती नाही वाटली?” “वाटली तर! पण मी बोलले कशी, ते सांग.” मी म्हणाले, “फर्मली.” त्या खुदकन हसल्या. “बघ, येतंय की तुला!”

मी पास झाले. काठावर, पण झाले. पुढं जन्मभर शिकवलं आणि पोरांना ‘कशी? कसं?’ विचारून भंडावून सोडलं. तो सगळा वहिनींचा उसना आवाज होता. आई गेल्यावर त्याच माझं माहेर झाल्या. तिसगावहून निघाले की ओसरीच्या उंच पायरीशी उभ्या राहून म्हणायच्या, “मंगल, स्लोली.” माझे गुडघे धड होते तेव्हाही म्हणायच्या.

दहाव्याला गेले होते. निघताना त्या पायरीशी आले आणि पाय थबकला. मागं कुणी नव्हतं. सुनील गाडी काढायला पुढं गेला होता. समोरच्या ओट्यावर ठकुबाई बसलेली, आता तिला नीट दिसतही नाही. माझी चाहूल लागली असावी. “कोन, मंगल का? पायरी लई उंच हाय बग... स्लोली गं बाय, स्लोली.”

इतके दिवस न आलेलं रडू तिथं आलं. भिंतीला धरून तशीच उभी राहिले, आणि मग उतरले... वहिनी सांगायच्या तशी.