रेघेची जाडी

सकाळी ऑफिसला जाण्याआधी उजव्या हाताने पाण्याची बादली उचलायची नाही, हा नियम ट्रेसरबाईंनी चौतीस वर्षं पाळला. वजन उचललं की पुढचा तासभर हाताला बारीक कंप राहतो आणि हात कापला की रेघ फाटते. म्हणून घरचं पाणी त्यांच्या पोस्टमन नवऱ्याने भरलं. शेजारचे टोमणे मारायचे. तो बादली खाली न ठेवता सांगायचा, "मी तिचा डावा हात. उजवा तिनं ऑफिसला दिलाय."

निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी गावात त्यांना ट्रेसरबाईच म्हणतात. नगरपालिकेच्या नकाशा विभागात त्या चोविसाव्या वर्षी लागल्या, तेव्हा तिथे सहा पुरुष होते आणि एक टेबल रिकामं होतं. मुख्य आरेखकाने त्यांना पहिल्या दिवशी पट्टी दिली नाही. शंभर रेघा हाताने ओढायला लावल्या, एकीखाली एक, आणि संध्याकाळी भिंगातून पाहून म्हणाला, "त्र्याहत्तरावी ओढताना कुठे बघत होतात?" बाईंनी खिडकीकडे पाहिलं होतं. पोस्टमन टपाल घेऊन आला होता. लग्न पुढच्या वर्षी झालं, पण त्र्याहत्तराव्या रेघेचा विषय घरात अजून निघतो.

ट्रेसरचं काम वरून सोपं दिसतं. खाली जुना नकाशा, वर मेणचट, अर्धपारदर्शक कापड, खालची रेघ वर शाईने उतरवायची. पण शाईला हात लावण्याआधी एक काम असतं. मोजणीवाल्यांनी जमिनीत पुरलेले दगड नकाशावर जिथे दाखवलेले असतात, तिथे बारीक सुई दोन्ही थरांतून आरपार टोचायची. पुढे कापड आकसलं, कागद फुगला, कोपरा फाटला, तरी भोकावर भोक ठेवलं की नकाशे एकमेकांवर बसतात. मुख्य आरेखक म्हणायचा, "शाई खोटं बोलेल. भोक बोलत नाही." तो गेला त्याला वीस वर्षं झाली. बाईंच्या सुईच्या डबीत त्याची एक सुई अजून आहे.

गेल्या पावसाळ्यात बाजारात गुडघाभर पाणी शिरलं आणि चार दिवस हटलं नाही. नगरपालिकेत नव्याने आलेल्या इंजिनिअर मुलीने आधी पंप मागवले आणि मग एक चांगला प्रश्न विचारला: पूर्वी हे पाणी जायचं कुठे? तिने रेकॉर्ड रूममधून नव्वद वर्षांतले पाच नकाशे काढले, संगणकावर चढवले आणि एकावर एक ठेवले. गाव हलताना दिसू लागलं. तळं होतं तिथे मैदान आलं, मैदानाच्या अर्ध्या भागात बस स्टँड आलं, आमराईत दवाखाना उभा राहिला. आणि सगळ्यात जुन्या नकाशावर, बाजाराला खेटून, एक ओढा नदीकडे जाताना दिसला. पुढे कधीतरी त्याच्यावर दगडी कमान बांधून त्याला झाकून टाकलं होतं. ओढा शोधायचा, उघडायचा, पाणी पुन्हा नदीला द्यायचं, असं ठरलं. इथपर्यंत सगळं नीट होतं.

बिघडलं ते पुढे. जुना नकाशा विमानातून काढलेल्या आजच्या चित्रावर ठेवला, तर ओढा अकरा घरांच्या एका गल्लीखालून जात होता. चाळीस वर्षांपूर्वीची प्रत ठेवली, तर तोच ओढा गल्लीच्या मागच्या रस्त्याखाली होता. दोन्हींत फरक चाळीस फुटांचा. जुना नकाशा झाला तेव्हा ओढा डोळ्यांना दिसत होता. नंतरच्या प्रतीत तो झाकलेला, म्हणून तुटक रेघेने दाखवलेला. जुन्यावर विश्वास ठेवणं शहाणपणाचं होतं. अहवालात एक वाक्य पडलं: "चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रतीत आरेखनाची चूक असावी." त्या प्रतीच्या उजव्या कोपऱ्यात बाईंच्या नावाची दोन अक्षरं होती.

हे बाईंना अहवालातून कळलं नाही. गल्लीतला शिंपी सांगायला आला. गळ्यात मापाची टेप तशीच होती.

"बाई, सोमवारी आमच्या घरांवर खुणा करायला येणारेत. तुमच्या नकाशावर घर वाचतंय, त्यांच्या नकाशावर पडतंय. तुम्ही फक्त येऊन सांगा, तुमचा बरोबर आहे म्हणून."

"बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"अहो, तुम्हीच काढलाय ना?"

"चाळीस वर्षांपूर्वी. तुम्ही चाळीस वर्षांपूर्वी शिवलेल्या सदऱ्याची बाही सारखी होती का, आत्ता सांगाल?"

शिंपी म्हणाला, "आमची घरं आहेत हो ती."

"घरं बघून मी रेघ काढत नाही," बाई म्हणाल्या. "माझी चूक असेल तर मी तुमच्या दारात येऊन सांगेन. नसेल तर त्यांच्या दारात जाऊन सांगेन. तुम्ही चहा घ्या."

तो गेल्यावर नवरा म्हणाला, "जरा गोड बोलली असतीस तर?"

"गोड बोलून ओढा सरकतो का?"

त्या दिवशी बाईंनी जेवताना तीनदा मीठ मागितलं आणि एकदाही घातलं नाही. चाळीस फूट म्हणजे त्या नकाशावर करंगळीच्या नखाएवढं अंतर. तेवढी चूक हाताच्या कंपाने होत नाही, झोपेतही होत नाही. झाली असेल तर चौतीस वर्षांतल्या कुठल्या रेघेवर भरवसा ठेवायचा, हा प्रश्न होता. तो त्यांनी कोणाला विचारला नाही.

शुक्रवारी त्या नगरपालिकेत गेल्या. इंजिनिअर मुलीने खुर्ची दिली.

"या मावशी. बसा. मला कल्पना आहे, तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"मावशी घरी. इथे बाई म्हणा. आणि वाईट वाटायला वेळ आहे, आधी दोन्ही नकाशे काढा. मूळ. पडद्यावरचे नकोत."

रेकॉर्ड रूमच्या कारकुनाने दोन्ही गुंडाळ्या आणल्या. त्याने मोठ्या टेबलावरचा दिवा लावला. बाईंनी दिवा बंद केला आणि जुना नकाशा उचलून खिडकीच्या काचेवर धरला. एका बाजूने कारकून, एका बाजूने इंजिनिअर, मधे बाई. नव्वद वर्षांच्या पिवळ्या कागदातून ऊन आलं आणि त्यात उजेडाचे ठिपके दिसले. बाईंनी मोजले. सात.

"ही काय कीड आहे?" इंजिनिअरने विचारलं.

"हे मोजणीचे दगड. तुम्ही हा नकाशा आजच्या चित्रावर कशावरून बसवला?"

"दोन खुणांवरून. नव्वद वर्षांत टिकलेल्या तेवढ्याच आहेत. एका टोकाला गिरणीचं धुराडं, दुसऱ्या टोकाला नदीवरचा पूल. पुलावर बांधल्याच्या सालाचा दगड पण आहे, त्या नकाशाच्याही आधीचा."

बाईंनी आपली प्रत घेतली, जुन्या नकाशावर ठेवली, भोकावर भोक बसवलं आणि दोन्ही एकत्र काचेवर धरले. धुराड्यावर धुराडं आलं. ओढ्याची अखंड रेघ त्यांच्या तुटक रेघेखाली अशी गेली की अखंड रेघ दिसेनाशीच झाली. त्या किती वेळ तशाच उभ्या होत्या हे कारकुनाने नंतर पोस्टमनला सांगितलं. हात अजिबात हलत नव्हता, हेही सांगितलं.

"म्हणजे ओढा बसतोय," इंजिनिअर हळू म्हणाली. "पण पूल बसत नाहीये. बघा ना, दोन पूल दिसतायत."

"दिसणारच. नदीकडचा भाग शेजारच्या टेबलावरच्यांनी काढला, नंतरच्या मोजणीवरून. पूल सरकलाय."

"बाई, पूल कसा सरकेल?"

"ते मला माहीत नाही. मला एवढं माहीत आहे की भोक सरकत नाही." त्यांनी पट्टी मागितली, दोन पुलांमधलं अंतर मोजलं. "एक इंचाला शंभर फूट. म्हणजे ऐंशी फूट. धुराड्याशी तुम्ही कागद बरोबर धरला आणि दुसरं टोक ऐंशी फूट ओढलंत. गल्ली बरोबर मधे. अर्धं किती?"

इंजिनिअरने मान खाली घातली. "चाळीस."

मग बाईंनी स्वतःच्या प्रतीवर बाजाराच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "इथे जुन्यात विहीर आहे. माझ्यात नाही. ही मात्र माझी चूक. लिहून घ्या."

"विहिरीचं कोणी विचारलेलंच नाही."

"विचारलं नाही म्हणून काय झालं? लिहा."

इंजिनिअरने लिहून घेतलं. कारकुनाचं म्हणणं असं की, तिचा विश्वास बसला तो ओढ्यामुळे नाही, विहिरीमुळे.

पण कागदावर पटलं म्हणून घरांवरच्या खुणा थांबत नव्हत्या. सोमवारच्या आत जमिनीवरचा पुरावा हवा होता. सातपैकी किती दगड आज जागेवर आहेत? धुराड्यामागचा सापडला, गवतात. शाळेच्या कुंपणातला सापडला. तिसरा जुन्या पोस्टासमोर असायला हवा होता. तिथे पायरी होती. बाईंनी घरी येऊन नवऱ्याला विचारलं, "पोस्टाच्या पायरीशी कधी दगड होता का?"

"होता काय, आहे. एकतीस वर्षं त्याला सायकल टेकवली. पायरी बांधली तेव्हा गवंडी उपटायला निघाला होता, मी म्हटलं, मग सायकल काय तुझ्या खांद्याला टेकवू? म्हणून आत घेतला, डोकं वर ठेवलं." तो चपला घालू लागला. "सरकारी कामात माझा काही उपयोग झाला म्हणायचा."

दगडाच्या डोक्यावर घासून गुळगुळीत झालेली फुली होती. इंजिनिअरने शनिवारी तिन्ही दगडांवर यंत्र लावलं आणि जुन्या नकाशावरचा पूल जमिनीवर कुठे येतो ते काढलं. तो आला नदीत, आजच्या पुलापासून प्रवाहाच्या दिशेने ऐंशी फूट खाली. तिथे पाण्यात चार काळे, रुंद पाठीचे खडक आहेत. गावातली पोरं त्यांच्यावरून उड्या मारतात. गाव त्यांना म्हशी म्हणतं. पिढ्यान्पिढ्या म्हणत आलंय. कोणी कधी विचारलं नव्हतं की म्हशी सारख्या अंतरावर का बसल्यात.

इंजिनिअर गुडघाभर पाण्यात गेली. शेवाळ खरवडलं. खाली घडीव दगडाचा सांधा होता, चुन्यासकट.

ते जुन्या पुलाचे पाय होते. पूल तो नकाशा झाल्यावर पाच-सात वर्षांतच नव्याने, प्रवाहाच्या जरा वर, बांधला गेला. आणि बांधणाऱ्या कोणा हौशी माणसाने जुन्या पुलाचा सालाचा दगड काढून नव्या पुलावर बसवला. शोभेसाठी. तेव्हापासून नवा पूल जुना झाला.

काठावर उभा असलेला पोस्टमन म्हणाला, "काखेत कळसा अन् गावाला वळसा. रोज म्हशी बघतोय."

घरांवरच्या खुणा रद्द झाल्या. बुधवारी मागच्या रस्त्यावर, बाईंच्या तुटक रेघेवर, खणायला सुरुवात झाली. गल्लीतले सगळे आले होते. शिंप्याने दुकान बंद ठेवलं होतं. बाई आल्या नाहीत. "रेघ माझी, कुदळ त्यांची," एवढंच म्हणाल्या आणि घरात भाजी निवडत बसल्या. नवऱ्याने पाहिलं, एकच जुडी त्या दुसऱ्यांदा निवडत होत्या.

दुपारी इंजिनिअर स्वतः आली. चिखलाने कोपरापर्यंत माखलेली, दारातच उभी राहिली.

"बाई, कमान लागली. साडेचार फुटांवर. दगड न् दगड शाबूत. आत पाणी वाहतंय."

"रेघेवर?"

"जवळजवळ. कमानीचा मध्य तुमच्या रेघेच्या मध्यापासून दीड फूट बाजूला आहे. पण तेवढं चालतं. तेवढं कोणी धरत नाही."

बाईंनी भाजीची परात बाजूला ठेवली. "दीड फूट?"

"बाई, खरंच, नव्वद वर्षांचा कागद—"

"थांबा."

त्या उठून आत गेल्या आणि सुईच्या डबीशेजारची टाकांची पेटी घेऊन आल्या. एक टाक काढला, दौतीत बुडवला आणि पोस्टमनच्या वहीच्या पाठीमागच्या कोऱ्या पानावर, पट्टी न घेता, वीतभर रेघ ओढली. श्वास रोखून. बारा वर्षांनी ओढलेली रेघ होती. मग भिंग आणि बारीक खुणांची पट्टी इंजिनिअरच्या हातात दिली.

"जाडी किती ते वाचा. ओढ्याला हाच टाक वापरायचो आम्ही."

इंजिनिअरने चिखलाचे हात ओढणीला पुसले, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ वाचत राहिली. "इंचाचे तीन शतांश."

"एक इंचाला शंभर फूट. म्हणजे ही रेघ जमिनीवर किती रुंद?"

"तीन फूट."

"मध्यापासून कडेपर्यंत?"

इंजिनिअर हसली. "दीड."

"मग कमान रेघेच्या बाहेर नाही," बाई म्हणाल्या. "आतच आहे. अहवालात तसं लिहा. आणि ती विहीर."

"विहीर लिहिली आहे, बाई."

पोस्टमनने वही हातात घेऊन रेघ उजेडाकडे धरली, एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत पाहिली. "त्र्याहत्तरावीपेक्षा बरी आहे," तो म्हणाला आणि पाणी भरायला उठला.