निकानोरचे नाद

रोज पहाटे, घरात कुणी चूळ भरायच्या आधी, डॉन निकानोर विहिरीचं पाणी शेंदून एक बादली फाटकाबाहेर नेऊन ठेवायचा. बादलीवर फळी, फळीवर पत्र्याचा मग. पिरायूच्या बाजाराला निघालेल्या बायका, उसाच्या गाड्या हाकणारे, शाळेची पोरं तिथं थांबून पाणी प्यायची आणि म्हातारा देवमाणूस आहे म्हणायची. त्याची बायको तेओफिला मात्र त्या मगाला कधी तोंड लावायची नाही. "रस्त्यावरच्यांना पाणी," म्हणायची, "आणि घरातल्यांना शब्दही नाही."

त्यांची मुलगी हर्मिनिया हे ऐकतच मोठी झाली.

निकानोर तरुणपणी चाकोच्या लढाईत होता. नदीपलीकडच्या त्या काटेरी रानात गोळीपेक्षा तहानेनंच जास्त माणसं मारली, असं परत आलेले सगळे सांगत. तेओफिलाचा भाऊ सिल्वानो तिथंच गेला, अठरा वर्षांचा. प्रेत आलं नाही. अंगणात नुसता लाकडी क्रूस. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी ती तो क्रूस धुवायची, नवं पांढरं फडकं बांधायची आणि नवऱ्याला विचारायची, "तू त्याच भागात होतास. माझा भाऊ दिसला होता का रे तुला?"

"मी मागं होतो, गाड्या दुरुस्त करायच्या छपरात," एवढं बोलून तो उठायचा.

मग आठवडाभरात घरात एखादा नवा नाद शिरायचा. एका वर्षी मधमाश्या. एका वर्षी संत्र्याची कलमं. मग घड्याळं, गिटारी, कबुतरं, बुद्धिबळाच्या सोंगट्या कोरणं, मोडके रेडिओ. सगळंच त्याला जमायचं, हेच वाईट. शेजारच्या गावांतून लोक बंद पडलेली घड्याळं घेऊन यायचे आणि म्हणायचे, काय हात आहे! "हात चालू असले की तोंड उघडावं लागत नाही," तेओफिला कणीस सोलता सोलता म्हणायची. तिच्या लग्नाची वर्षं त्या घरात नादांवरून मोजता आली असती.

मरताना तिनं हर्मिनियाचा हात धरला. "मला नाही सांगणार तो. तू विचार. आणि सांगितलं, तर क्रूसापाशी येऊन मला सांग."

हर्मिनियानं पाच वर्षं विचारलं. पाच वर्षांत आणखी पाच नाद आले.

सहाव्या वर्षी जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, दक्षिणेचा गार वारा सुटला तसं निकानोरनं अंथरूण धरलं. लढाई थांबली त्या दिवसाच्या, बारा तारखेच्या संचलनाला तो जाऊ शकला नाही. तिथून परतताना त्याचा जुना सोबती डॉन बेनिग्नो भेटायला आला, छातीवर पदकं, पोटात उसाची दारू. निकानोर झोपला होता, म्हणून तो चुलीपाशी टेकला.

"यंदा पाणीवालाच नाही, काय मजा येणार!" तो म्हणाला.

"पाणीवाला कोण?"

"अगं, तुझा बाप! पाण्याची लॉरी चालवायचा ना."

"ते तर दुरुस्तीच्या छपरात होते."

बेनिग्नो चपापला. पण सुटलेली जीभ आवरेना. "हुकूम होता, पोरी. वाटेत थांबायचं नाही. थांबलं की तहानलेली पोरं टाकीवर तुटून पडायची, आणि आघाडीवर थेंब पोचायचा नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना पडलेले असायचे. हाका मारायचे."

"सिल्वानोमामा?"

"बाकीचे नुसतं 'पाणी' म्हणायचे. त्याची ओळख होती, त्यानं निकानोरला नावानं हाक मारली. मी शेजारीच बसलो होतो. तुझ्या बापानं मानसुद्धा वळवली नाही." त्यानं डोळे पुसले. "थांबला असता तर गोळी घातली असती त्याला. जाऊ दे. कसाव्याचे कंद शिजले असतील तर वाढ."

हर्मिनियानं वाढलं. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. लढाई संपल्यावर हा माणूस त्याच सिल्वानोच्या घरी आला, आणि त्याच्या बहिणीला मागणी घालून गेला. आल्या आल्या आईनं त्याच्या हातात पाणीच दिलं असणार.

संध्याकाळी ती सुपाचा वाडगा घेऊन त्याच्या खाटेशी बसली.

"पापा, डॉन बेनिग्नो सगळं बोलले. मी भांडायला आलेले नाही. हुकूम होता, ठाऊक आहे मला. पण आई पन्नास वर्षं विचारत राहिली. नुसतं 'दिसला होता' म्हणा. उद्या मी तिला जाऊन सांगेन."

तो छताकडे बघत राहिला. ती एकेक चमचा भरवत गेली, तो गिळत गेला. त्याची बोटं पांघरुणावर काहीतरी चाचपत होती, पण खोलायला, जोडायला तिथं काहीच नव्हतं.

"दोनच शब्द, पापा."

त्याचे ओठ हलले. तिनं वाडगा खाली ठेवला आणि कान त्याच्या तोंडाशी नेला. पुढं दोन दिवस तो जिवंत होता, पण बोलला ते तेवढंच.

"मीठ कमी आहे."