‘चौथा मजला’मधली ताई

तिला सगळेच ताई म्हणत. धाकटा भाऊ म्हणायचा म्हणून बँडमधले म्हणायला लागले, बँडमधले म्हणतात म्हणून रेडिओवाले, आणि मग एक वर्ष असं आलं की सत्तरीतल्या एका आजोबांनी तिला भर रस्त्यात थांबवून, “ताई, एक सही द्या,” म्हणावं. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती.

त्याआधीची नऊ वर्षं ती कवळ्या करत होती. चार मजली जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता आणि अगदी वर, चौथ्यावर, त्यांची लॅब. खालून पेशंटच्या जबड्यांचे साचे वर येत, वरून तयार दात खाली जात. ताई प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, घासून चकाकी आणायची. हात इतका बसलेला की तिची कवळी घातलेला माणूस पहिल्याच दिवशी बिनघोर चावायला लागे. “आमच्याकडे लोक रडत येतात आणि दात काढत जातात,” असं ती म्हणायची.

बास गिटार तिला मामाकडून मिळाली. मामा एका हॉटेलातल्या वाद्यवृंदात वाजवायचा. त्याची बोटं आखडली तशी त्यानं ती गिटार भाचीच्या गळ्यात घातली. भावाला गिटार धरायला शिकवलं ते ताईनं. वडील लवकर गेलेले, आई दिवसभर इस्पितळाच्या धुलाईखान्यात. त्यामुळे आठ वर्षांनी लहान असलेल्या या पोराचं नाक पुसण्यापासून अभ्यासापर्यंत सगळं तिच्याच वाट्याला आलं होतं. तान्हेपणी तो रडायला लागला की शेजारचे खिडक्या लावून घेत. म्हणून त्याचं नाव पडलं भोंग्या, आणि पुढे तो गायला लागला तरी ते काही सुटलं नाही.

रविवारी इमारत रिकामी असे. डॉक्टरीणबाईंनी लॅबची किल्ली ताईला देऊन टाकली होती, तेव्हा तालीम तिथेच व्हायची. ड्रमवर पैलवान, म्हणजे फुंकर मारली तर उडेल असा टायरच्या दुकानातला एक कामगार. कीबोर्डवर मास्तर, शाळेत गणित शिकवणारे. रविवारीसुद्धा शर्ट खोचून येणारे. सभोवती फळ्यांवर प्लास्टरचे जबडे मांडलेले. “एवढे श्रोते तोंड उघडं टाकून ऐकतायत, अजून काय पाहिजे?” भोंग्या म्हणायचा. बँडला नाव काय द्यायचं यावर महिनाभर डोकेफोड झाली आणि शेवटी ‘चौथा मजला’ हेच ठरलं.

मग एकदा इमारतीची लिफ्ट बिघडली ती दीड महिना बिघडलेलीच राहिली. दर रविवारी ड्रम जिन्यानं वर चढवायचे म्हणजे नाकीनऊ यायचे. तिसऱ्या रविवारी भोंग्या धापा टाकत वर पोचला, भिंतीला टेकला आणि त्याच दमलेल्या आवाजात गुणगुणला, “लिफ्ट बंद आहे, तरी मी आलोय, दार उघड गं, पाणी तरी दे!” सगळे हसले. ताई हसली नाही. तिनं गिटार उचलली आणि जिना चढणाऱ्या पावलांसारखे चार सूर खालून वर वाजवले. पैलवान आपोआप मागून आला. संध्याकाळपर्यंत गाणं उभं राहिलं होतं.

एका कंपनीनं त्याची रेकॉर्ड काढली. रेडिओवर दर शुक्रवारी चाळीस लोकप्रिय गाण्यांची यादी लागायची. ‘लिफ्ट बंद आहे’ पहिल्यांदा लागलं ते अडतिसावं. पुढच्या आठवड्यात सतरावं, मग तिसरं, आणि चौथ्या शुक्रवारी धुलाईखान्यातल्या बायकांनी सगळी यंत्रं बंद करून रेडिओभोवती गर्दी केली तेव्हा निवेदकानं ते पहिलं म्हणून सांगितलं. आईला आधी ऐकूच आलं नाही, कारण बायका किंचाळत होत्या. गाणं अकरा आठवडे पहिलं राहिलं. मास्तरांनी फळ्याकडे तोंड केलं की मागून अख्खा वर्ग, “पाणी तरी दे!”

लोकांनी त्यांना नुसतं डोक्यावर घेतलं. मास्तरांनी रजा टाकली, पैलवाननं टायर सोडले, ताईनं डॉक्टरीणबाईंचा निरोप घेतला. तीन वर्षं नुसते दौरे. दुसरी रेकॉर्डही पहिली आली. भोंग्याला कार्यक्रमाआधी गरम पाणी दिलं का, पैलवान जेवला का, मास्तरांच्या चष्म्याची काडी कुणी जोडली, हे सगळं ताई बघायची आणि वर वाजवायची. स्टेजवर ती मागे, ड्रमला लागून उभी राही. पोस्टरवर मात्र भोंग्याचा चेहरा दर वेळी मोठा होत गेला आणि बाकीचे तिघे त्याच्या खांद्यामागे सरकत गेले. ताईला त्याचं काही वाटलं नाही. चेहरा त्याचा देखणा होताच. लहानपणी तो तिनंच घासून धुतला होता.

तिसऱ्या रेकॉर्डच्या वेळी मात्र भलतंच झालं. एका गाण्याचं चित्रीकरण होतं. ताई सकाळी स्टुडिओत पोचली तर तिथे विशीतली एक मुलगी तिची गिटार गळ्यात घालून आरशासमोर उभी. रेकॉर्ड कंपनीचे साहेब लगबगीनं पुढे आले. माणूस गोड बोलणारा.

“ताई, गैरसमज नको. वाजवायचं तुम्हीच. दिसायचं फक्त तिनं.”

भोंग्या खुर्चीत बसून मेकअप करून घेत होता. ताई सरळ त्याच्यापाशी गेली.

“तुला माहीत होतं?”

“मी हो म्हणालो नाही, ताई.”

“नाही म्हणालास?”

तो मांडीवरच्या आपल्या गिटारच्या पट्ट्याची शिवण नखानं उसवत राहिला. सत्तावीस वर्षांचं ते पोर. तुझ्या एकट्याच्या जिवावर सगळं उभं आहे, असं वर्षभर सगळ्यांनी त्याच्या कानीकपाळी ओरडून झालेलं. तो घाबरला होता, आणि घाबरल्याचं कुणाला सांगायचं तर ते ऐकणारं माणूस नेमकं समोर उभं होतं. ताईनं त्या मुलीच्या गळ्यातून गिटार काढून घेतली, तिला म्हणाली, “तुझा काही दोष नाही गं,” आणि बस धरून घरी आली.

तिच्यामागे बँड पाच महिने टिकला. नवा बासवाला वाजवायला पक्का होता, एक सूर इकडचा तिकडे नाही. पण पैलवानचं त्याच्याशी जमेना. “तो घड्याळासारखं वाजवतो,” पैलवान म्हणाला. “ताई माझ्याकडे बघून वाजवायची.” एका गावी कार्यक्रम चालू असताना ताल सुटला, लोक हुर्यो करायला लागले, आणि विंगेत पैलवान आणि भोंग्या एकमेकांच्या अंगावर धावून गेले. मास्तर शाळेत परत गेले. कलाविषयक मतभेदांमुळे बँड विसर्जित, असं वर्तमानपत्रात आलं.

“म्हणजे काय गं?” आईनं विचारलं.

“म्हणजे भांडण, आई. इस्त्री केलेलं.”

डॉक्टरीणबाईंनी ताईची जागा भरलीच नव्हती. ती पुन्हा चौथ्या मजल्यावर जाऊन बसली. पहिले काही महिने वाईट गेले. पेशंट ओळखायचे, हळहळायचे. एक बाई तर तिला बघून ढसाढसा रडल्या आणि मग तिलाच त्यांची समजूत घालत बसावं लागलं. रेडिओवर ‘लिफ्ट’ लागलं की ती उठून बटण बंद करायची. भोंग्यानं एकट्यानं दोन रेकॉर्ड काढल्या, संथ, उदास गाण्यांच्या. पहिली थोडी चालली, दुसरी कुणाला कळलीही नाही. चार वर्षं भावाबहिणीनं एकमेकांशी चकार शब्द काढला नाही. दोघांचे निरोप पोचवून पोचवून आई मेटाकुटीला आली.

एका सकाळी खालून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. “खाली ये जरा. समोरचा दात आहे, रंग जुळवायचाय.”

ताई नमुन्याच्या दातांची रंगपट्टी घेऊन खाली गेली. खुर्चीत भोंग्या. तालमीत माईकची दांडी घसरून तोंडावर बसली होती, वरचा पुढचा दात मुळासकट गेला होता आणि तीन दिवसांवर कार्यक्रम होता.

“ताई,” तो म्हणाला. तिथपर्यंत ठीक होतं. पण “सॉरी” म्हणताना फटीतून शीळ वाजली आणि डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

बाईंनी मापाची लगदी भरलेला साचा त्याच्या तोंडात बसवला, तेवढ्यात पलीकडच्या खोलीतला पेशंट ओरडला. “धर गं एवढं घट्ट होईपर्यंत,” म्हणून त्या गेल्या. ताईनं भावाच्या तोंडातला साचा दोन बोटांनी धरून ठेवला.

“आता बोलू नकोस. मी बोलते,” ती म्हणाली. “मला काढलं याचा राग नव्हता रे. मी दिसते कशी ते मला माहीत आहे, घरात आरसा आहे. तू चालायला शिकलास ना, तेव्हा पडलास की आधी माझ्याकडे बघायचास आणि मग रडायचास. त्या दिवशी तू बघितलंसच नाही. ते लागलं मला.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं. तिनं दुसऱ्या हातानं कापूस घेऊन ते टिपलं. माप घट्ट झालं. साचा निघाल्यावर तो बराच वेळ चूळ भरत राहिला.

“बघितलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं,” तो म्हणाला. “आणि नाही म्हटलं तर सगळं संपेल असं वाटलं. मग तसंही संपलंच की.”

“संपलं,” ताई म्हणाली आणि पट्टीवरचा एकेक दात त्याच्या दातांशेजारी धरून रंग जुळवायला लागली.

दुसऱ्या दिवशी दात बसवताना तिनं त्याला साठाच्या पुढचे आकडे म्हणायला लावले. “सहासष्ट, सदुसष्ट,” शीळ वाजली. तिनं दात किंचित घासला. पुन्हा. पुन्हा घासला. चौथ्या खेपेला एकोणसत्तरपर्यंत गाडी बिनशिट्टीची गेली.

“पैलवान तयार आहे, मास्तरांनाही विचारतो,” भोंग्या एका दमात म्हणाला. “परत सुरू करायचं का गं?”

ताई हातातली कानस पुसत बसली. तीन वर्षांच्या बसगाड्या, हॉटेलांच्या खोल्या, ते टाळ्यांनी थरथरणारं लाकूड पायाखाली, सगळं तिला आठवलं. थोडा मोहही झाला.

“बँड नको,” ती म्हणाली. “तू जेवायला ये.”

कार्यक्रमाला ती आईला घेऊन गेली आणि आठव्या रांगेत बसली. सभागृह अर्धं भरलं होतं. त्याची ती संथ गाणी तिनं पहिल्यांदाच नीट ऐकली. दोन तिला मनापासून आवडली, बाकीची लांबली असं तिनं त्याला तोंडावर सांगितलं.

आता भोंग्या दुसऱ्यांसाठी चाली करतो आणि त्यावर खूश आहे. पैलवाननं स्वतःचं टायरचं दुकान टाकलंय. ताई लॅब चालवते, आणि महिन्यातून एकदा मास्तरांच्या शाळेत जाऊन मुलांना बास शिकवते. दर गुरुवारी दुपारी भोंग्या जेवायला येतो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही यावरून सध्या दोघांचं चांगलंच वाजलंय. आई म्हणते, “गुडघा माझा आहे, मला विचारलंय का कुणी?”