गुऱ्हाळापाशी पन्नास मिनिटं

गाडी माझ्या नावावर आहे, नंबर दादाचा. शोरूममधल्या माणसाने मोबाईल नंबर विचारला, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत दादाने स्वतःचा सांगून टाकला. ओटीपी त्याच्याकडे आला, ॲपही त्याच्याच फोनवर उतरलं. चार लोकांसमोर "माझा घ्या" म्हणायला जेवढा आवाज लागतो, तेवढा मला वेळेवर सापडत नाही.

गाडी मात्र मला आवडली. विजेवरची स्कूटर, त्यामुळे आवाज नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत कोण आलं, कोण गेलं हे लोक इंजिनावरून ओळखतात. मी जाताना कुणी मान वर करत नसे.

मी एका कुरिअरच्या ऑफिसात फोन घेते. पार्सल कुठे पोहोचलंय ते दिवसभर लोकांना सांगायचं, त्यांच्या शिव्या ऐकायच्या. सहा वाजेपर्यंत माझ्यातलं बोलणं संपलेलं असतं. घरी गेलं की टीव्ही, पप्पांचे मित्र, आईचे प्रश्न. म्हणून गाडी घेतल्यापासून मी नदीवरचा पूल ओलांडून वडणगे गावाच्या बाजूला जाऊ लागले. तिथे एक बंद पडलेलं गुऱ्हाळ आहे. गूळ करायची काहील कधीच कुणीतरी नेली, नुसतं खालचं चुलवाण, म्हणजे मातीची भट्टी, आणि वर गंजका पत्रा उरलाय. चुलवाणाच्या कट्ट्यावर बसायचं. समोर ऊस. फोन डिकीत. मग घरी येऊन सगळ्यांशी नीट बोलता यायचं.

एका रविवारी थोरले काका आले. त्यांना त्यांच्या मुलीसाठी अशीच गाडी घ्यायची होती. दादा ॲप उघडून बसला.

"नवीन अपडेट आलंय काका. आधी नुसतं चार्जिंग दिसायचं. आता गाडी कुठं गेली, किती वेळ थांबली, सगळं दिसतंय."

"दाव की."

दादाने महिनाभराचा नकाशा दाखवला. काकांनी चष्मा वर केला. "ह्ये काय रं? रोज हितंच थांबती? पन्नास मिनिटं? हितं तर नुसता ऊस हाय."

पप्पांनी फोन हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे. "कोण हाय त्यो?"

"कोणी नाही."

"कोणी न्हाय, मग काय ऊस मोजायला जातीस व्हय?" काका म्हणाले. दादाला हसू फुटलं, पप्पांचं तोंड बघून त्याने ते गिळलं.

माझी शाळा इंग्लिश मीडियमची. आमच्या घरातली भांडणं मात्र अस्सल कोल्हापुरीत होतात, आणि त्या वेगाने मला शब्द सुचत नाहीत. "मी एकटीच बसते," एवढंच म्हणाले. खरं होतं, पण माझ्याच कानांना ते थाप मारल्यासारखं वाटलं. तिथे माझ्यासोबत कुणी मुलगा असता तर त्यांना कळलं असतं. त्याची जात, नोकरी, घर विचारलं असतं, आदळआपट झाली असती. नुसतं बसण्याला काय विचारणार?

सोमवारी सहाला ऑफिसबाहेर पडले तर आई उभी. रिक्षा करून आली होती. "चल. मला पण बघू दे."

ती मागे बसली. गुऱ्हाळापाशी उतरल्यावर तिने आधी भिंतीमागे जाऊन पाहिलं, मग पत्र्याखाली वाकून. मातीत चाकांच्या खुणा एकाच गाडीच्या होत्या. त्या तिने निरखून पाहिल्या. माझी आई, गुडघे दुखत असताना, माझ्या खुणा तपासत होती.

मग ती कट्ट्यावर माझ्याशेजारी येऊन बसली.

"आता सांग. काय करतीस हितं?"

"बसते."

"आणि?"

"काही नाही. बरं वाटतं."

तिचा चेहरा सैल होईल असं मला वाटलं होतं. तो सैल झाला नाही. उसाकडे बघत ती म्हणाली, "घरात, माझ्याजवळ बसून बरं वाटत न्हाय तुला?"

तसं नाही, असं लगेच म्हणायला हवं होतं. ती उठली, पदर झटकला. "चल. अंधार पडंल."

घरी तिने सांगून टाकलं, "कोणी न्हाय तिथं." पप्पांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि जेवायला बसले. काकांनी त्याच आठवड्यात मुलीला गाडी घेतली, नंबर स्वतःचा दिला. दादा मला अजून 'साध्वी' म्हणतो.

जाऊ नको, असं मला कुणीही म्हटलं नाही. तरी मी आता सहाला सरळ घरी येते. मी दारात दिसले की आई काही न विचारता टीव्ही बंद करते आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेते. मी बाहेरच्या खोलीत एकटीच बसते. पन्नास मिनिटं आत एक भांडं वाजत नाही.