धोंडाबाईची भिंत

भाटघरच्या धरणाचं पाणी पहिल्यांदा चढलं, तेव्हा धोंडाबाईचं गाव रिकामं झालेलं होतं. लोकांनी वासे, दारं, जाती गाड्यांवर घालून वर माळावर आणली होती. धोंडाबाईची ठकी मात्र खाली राहिली. दोन वर्षांची पोर आदल्या थंडीत तापानं गेली आणि तिला ओढ्याकाठच्या जांभळीखाली पुरलं. पाणी ओढ्यात शिरलं, जांभळीच्या बुंध्याला लागलं, आणि मग जांभळही दिसेनाशी झाली.

नवरा कुंडलिक माळावरचे दगड वेचून वरईपुरती जमीन करत होता. धोंडाबाई त्याच्या मागं दगड उचलायची. पोरीचं नाव दोघांपैकी कुणी काढत नसे.

उन्हाळ्यात पाणी हटलं तशी ती पाटी घेऊन खाली उतरली. सगळीकडं एकसारखा काळा गाळ बसला होता. ओढा कुठून वाहत होता तेही कळेना. दुपारपर्यंत ती फिरली आणि गाळाचीच पाटी भरून घरी आली. कुंडलिकला वाटलं, चुलीला लागत असेल.

तिनं तो गाळ शेणात आणि तुसात कालवला आणि माजघरातल्या मोठ्या भिंतीवर थापला. दरवर्षी उन्हाळ्यात ती खाली जाई आणि भिंत वाढत जाई. गाळावर राख, राखेवर तांबडी काव. कुठं हातानं ओढलेले फराटे, कुठं बोटं खुपसून केलेले खड्डे. ठकीच्या कुंचीच्या चिंध्या तिनं ओल्या मातीत दाबल्या, फुटक्या काकणांचे तुकडे रोवले. जमिनीपासून आढ्यापर्यंत भिंत भरली. तिच्यात ना देव होता, ना झाड, ना पाखरू. खालचा अर्धा भाग नुसता काळा होता, आणि त्या काळ्यातही ओलं काळं वेगळं, जळकं वेगळं.

एकदा जेवताना कुंडलिकनं विचारलं, "हे काय काढलंस?"

"म्हाईत न्हाई."

"कुनी इचारलं तर काय सांगू?"

"सांगा, बायकूचं हाय." भाकरी मोडत ती म्हणाली, "तिथं खाली असंच असंल, असं वाटतं मला."

त्यानंतर कुंडलिक भोरच्या बाजाराला गेला तेव्हा न सांगता चुनकळीची पुडी घेऊन आला. चुना भिजवून तिनं काळ्याच्या वर एक आडवा पांढरा पट्टा ओढला. तो पट्टा कुंडलिक येता-जाता बघायचा.

पुढं एका श्रावणात वस्तीत पटकीची साथ आली. वरच्या आळीतली दोन माणसं एका दिवसात गेली. शेजारच्या रखमाजीची थोरली पोरगी गेली. तिच्या तिसऱ्या दिवशी सोनबा पाटील रखमाजीला आणि चार माणसांना घेऊन कुंडलिकच्या दारात आले.

"कुंडलिका, ती भित खरवडून टाक," पाटील म्हणाले. "पान्याखालची माती घरात आनलीय तुज्या बायकूनं. मसनवट्याची माती हाय ती."

"पाटील, भितीनं कुनी मरत न्हाई."

"माजी पोर मेली," रखमाजी म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "आता भित तरी जाईल, न्हाई तर तुजी बायकू तरी."

कुंडलिकनं कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि दारात आडवा उभा राहिला. माणसं पुढं सरकली. तेवढ्यात धोंडाबाई आतून आली. तिनं नवऱ्याच्या हातातली कुदळ काढून घेतली.

"कुनी हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "माजं मी काडते."

माणसं दारात उभी राहिली. तिनं वरून सुरुवात केली. पोपडे पडत होते, धुरळा तिच्या केसांत बसत होता. चिंध्या निघेनात तेव्हा तिनं नखांनी उपटल्या. खाली आतले दगड उघडे पडले तेव्हा ती थांबली. रखमाजी मान खाली घालून आधीच निघून गेला होता.

पटकी थांबली नाही. त्याच पंधरवड्यात कुंडलिक सकाळी शेतातून ओकत आला आणि दिवस मावळायच्या आत संपला. त्याला न्यायला पुरेशी माणसंही मिळेनात. रखमाजीनं खांदा दिला.

धोंडाबाई एकटी राहिली. लोकांच्या शेतात राबायची, कुणाशी फारसं बोलायची नाही. भिंतीचे दगड तसेच उघडे होते. पावसाळ्यात त्यांच्या फटींतून गार वारा येई.

पुढच्या उन्हाळ्यात रखमाजीची बायको फुलाबाई तिच्याकडं आली. उंबऱ्यातच बसली.

"धोंडाबाई, तुमच्या भितीसारकं माज्या घरात करून द्या," ती म्हणाली. "मला झोप लागत न्हाई."

"तुजाच नवरा आला होता मोडाया."

"व्हय. मी घरातनं ऐकत होते."

धोंडाबाईनं भिंतीच्या उघड्या दगडांकडं पाहिलं. मग म्हणाली, "मी हात लावणार न्हाई. तुजी पोर, तुजं तू कर. मी बसते जवळ."

ती खरंच जाऊन बसली. फुलाबाईला माती थापताना हुंदके येत, हात थांबत. धोंडाबाई तेवढ्या वेळ पाटी धरून ठेवी. रखमाजी बाहेर बैलांपाशी बसून राही, आत येत नसे. भिंत झाल्यावर लोकांना दिसू नये म्हणून त्यानं तिच्यापुढं धान्याची कणगी ओढून ठेवली. कणगीच्या मागं एक माणूस उभा राहील एवढी जागा सोडली.

स्वतःच्या भिंतीला धोंडाबाईनं पुन्हा माती लावली नाही. "का वं?" असं फुलाबाईनं एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "आता पोर खाली, मालक वर माळावर. कुनाकुनाची माती लावू?"